परत पाठवलेली ताटली

"जाड झाला," तो पुटपुटला आणि माशाचा तो काप बाजूला सारला.

आयुष्यभर कंपनीत नकाशे आखलेला हात त्याचा. पण मासा म्हणजे कागद नव्हे. स्वयंपाकाच्या क्लासमधल्या शेफबाईंनी बजावलं होतं, "काका, सुरी दाबायची नाही, ओढायची. कापातून ताटलीची नक्षी दिसली पाहिजे." पहिल्या दिवशी त्या वासाने त्याच्या पोटात ढवळून आलं होतं. वय झालं, दुसरं काय, म्हणत तो सहा शनिवार नेटाने गेला.

आज लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस. बायकोला त्याने सकाळपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

गार केलेल्या ताटलीत त्याने काप एकमेकांवर किंचित चढवत गोल मांडले. वर लिंबाचा रस, खडेमीठ, काकडीचे मोहरीएवढे तुकडे, तेलाचे चार थेंब. झालं. विस्तव कुठे लागलाच नाही.

अशीच ताटली सव्वीस वर्षांपूर्वी एका बड्या हॉटेलात मोठ्या साहेबांनी सगळ्यांसाठी मागवली होती. त्याच्या बढतीचं तेव्हा ठरायचं होतं. साहेब माशाची वाखाणणी करत होते, आणि तो रुमालाने तोंड टिपत मान डोलवत होता. बायकोने ताटलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि वेटरला हाक मारली. "अहो भाऊ, हा कच्चाच राहिलाय! आमच्या दोघांचा जरा नीट शिजवून आणा."

टेबलावर हशा पिकला. लाजेने त्याला दरदरून घाम फुटला.

"माफ करा साहेब," तो म्हणाला, "हिला बाहेरच्या जगातलं काही कळत नाही."

ती मान खाली घालून बसली होती.

बढती मिळाली. तो किस्सा त्याने पुढे प्रत्येक पार्टीत सांगितला. तिच्यादेखत, तिच्या आवाजाची नक्कल करून. गेल्या वर्षी मुलीने तो आपल्या सासरच्या माणसांना सांगितला, अगदी त्याच्याच ढंगात. सगळे पोट धरून हसले. बायको पाणी आणते म्हणून उठली. पेले तर सगळ्यांचे भरलेले होते. त्या क्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावयाच्या नजरेला नजर द्यायचीही त्याला चोरी झाली.

त्याने ताटली तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"खाऊन तर बघ."

तिने काट्यावर एक काप अलगद गुंडाळला, डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा.

"अगं," तो तिच्यासमोर बसत म्हणाला, "त्या दिवशी साहेबांसमोर तुला बोललो. नंतर चार लोकांत तुझं हसं करत राहिलो, पोरीलाही तेच शिकवलं. माझी चूक झाली. तुला माहीत नव्हतं, यात हसण्यासारखं काय होतं?"

ती सावकाश तिसरा काप गुंडाळत होती.

"लिंबू थोडं कमी चाललं असतं," ती म्हणाली. "मासा मात्र छान आहे. लग्नाआधी मावशीच्या समुद्रकाठच्या खाणावळीत परदेशी पाहुण्यांसाठी मीच करायचे हा."

त्याने चमकून विचारलं, "मग त्या दिवशी परत का पाठवलास?"

"तुम्ही रुमालात उलटी दाबून धरली होतीत, अहो."