राणीचे माहेर

संत म्हणून पुजल्या जाणाऱ्या राणी मानकुवरला यात्रेचे पहिले लुगडे तिच्या माहेरच्या थोरल्या बाईने नेसवायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. यंदा नीलाबाई कुमरे लुगडे घेऊन देवळाच्या उंबरठ्यापाशी पोहोचल्या, तो देवस्थानाचे अध्यक्ष धनराजभाऊ दारात आडवे उभे.

"आता लुगडं पुजारीच नेसवते, बाई. संताले माहेर नसते."

आज माघारी फिरलो, तर हे दार आपल्या लेकीसुनांना पुन्हा उघडणार नाही, हे नीलाबाईंना पुरते कळत होते.

"अन् सासर असते?" त्यांनी विचारले. "राजाचे वंशज म्हणून सकाळची पूजा तुमीच केली ना?"

रांगेतल्या बाया फिसकन हसल्या. धनराजभाऊंचा चेहरा उतरला, पण त्यांनी दार काही सोडले नाही.

"आमच्या घरानंच तिले रानी केलं," ते म्हणाले.

"केलं ना! अन् दुष्काळात तिनं राजाचं कोठार लोकाईले खोलून देल्लं, तवा तुमच्या घरानंच तिले हाकललं. लेकरं ठेवून घेतली, तिले एकटीले काढलं." नीलाबाईंनी पदर खोचला. "जंगल तुडवत ती आमच्या दारात आली, तवा रानीबी नव्हती अन् संतबी नव्हती. तरी काऊन आली म्हणून आमी तिले विचारलं नाई. सरका भाऊ, आमची पोरगी वाट पाहून राह्यली."