राहिलेली बॅग

बागेच्या फाटकापाशी फिरायच्या वाटांचा फलक होता. पिवळी वाट चाळीस मिनिटांची, निळी दीड तासाची, लाल तीन तासांची. मुलीनं लाल धरली. वृद्धाश्रमातल्या बाईंनी पाचच्या आत या म्हणून बजावलं होतं आणि आत्ता कुठं बारा वाजत होते. तोवर वडील आपले. त्यांना तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. त्यांची बॅग गाडीच्या डिकीत होती, वर चादर टाकलेली.

वडील खुशीत होते. चौतीस वर्षं त्यांनी सिटी बसमध्ये कंडक्टरकी केली होती. बायकोचं नाव गेलं, घरचा पत्ता गेला, समोरची मुलगी आपली आहे हेही येऊन-जाऊन असायचं, पण नोकरी काही डोक्यातून गेली नाही. वाटेवर ठरावीक अंतरानं नंबराचे खांब होते. प्रत्येक खांबापाशी ते थांबत, मागे वळून बघत आणि मोठ्यानं सांगत, "सात नंबर. उतरणारे पुढं या." मग बस सोडायची डबल बेल दिल्यासारखं खांबावर दोनदा टकटक करून निघत. एक जोडपं तर खरंच बाजूला होऊन उभं राहिलं.

मुलगी हसली. आणि हसताहसताच तिला भडभडून आलं.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? नोकरी दोन पाळ्यांची, घरात तिसरं माणूस नाही. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या बायका महिनाभरही टिकल्या नाहीत. दोनदा गॅस सुरू राहिला. तीनदा ते घराबाहेर पडले, आणि तिसऱ्या वेळी डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये सापडले, शेवटच्या प्रवाशाची वाट बघत. त्यानंतर तिनं अर्ज भरला. सगळे म्हणाले, बरोबर केलंस. त्या 'बरोबर'चा तिला काडीचा उपयोग झाला नव्हता.

चौदा नंबरच्या खांबाजवळ बाक होता. तिथं तिनं डबा उघडला. ते जेवेपर्यंत ती मनातल्या मनात वाक्य जुळवत राहिली.

"बाबा, आज आपल्याला एका ठिकाणी जायचंय."

"तिकीट काढलंय ना?"

"काढलंय."

"मग झालं तर. बसा निवांत."

तिनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

लाल वाट संपली तेव्हा तीन वाजले होते. ती तशीच निळ्या वाटेला लागली. वडील दमले होते, पाय ओढत होते, पण वेळापत्रक मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "फेरी जादाची दिसतेय आज," एवढंच ते म्हणाले. तिला स्वतःचीच लाज वाटली. थकलेल्या म्हाताऱ्याला आपण गोलगोल फिरवतोय, आणि ही वाट कितीही लांबवली तरी ती फाटकापाशीच जाऊन संपणार, हे काय तिला कळत नव्हतं?

साडेचारला ते गाडीपाशी आले. तिनं दार उघडलं तरी वडील बसेनात. फेरी संपली की गाडी मागून पुढं तपासायची, सीटखाली वाकून बघायचं, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. ते सरळ मागे गेले. "बाबा, राहू दे ते," म्हणेपर्यंत त्यांनी डिकी उघडून चादर बाजूला केलीसुद्धा.

"हे बघा. कुणाची तरी बॅग राहिली."

मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तुमची आहे का ताई?"

तिनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"रडू नका. तुमची असेल तर मिळेल. पण असं नुसतं म्हणून देता येत नाही, ओळख पटवावी लागते. आत काय काय आहे, सांगा." त्यांनी बॅगेची चेन उघडली आणि वाट बघत राहिले.

"दोन पायजमे," ती म्हणाली.

"आहेत."

"निळा स्वेटर. डाव्या कोपराला ठिगळ आहे. मी लावलंय."

त्यांनी स्वेटर उलगडून ठिगळ बघितलं, पुन्हा होती तशी घडी घातली. "आहे. पुढं."

"दाढीचं सामान. जुना चष्मा. आणि एका चिठ्ठीवर माझा फोन नंबर."

चिठ्ठी तळाशी गेली होती. त्यांनी ती शोधून काढली, लांब धरून वाचली आणि खिशातलं पेन काढलं. बागेच्या तिकिटाची मागची बाजू तिच्यापुढं केली. "इथं सही."

तिनं सही केली. वृद्धाश्रमाच्या अर्जावर केली होती, तशीच.

त्यांनी तिकीट नीट दुमडून खिशात ठेवलं आणि बॅग दोन्ही हातांनी उचलून तिच्या हातात दिली.

"घ्या. आणि ताई, पुन्हा असं मागं सोडून जाऊ नका. प्रत्येक वेळी परत मिळतंच असं नाही."

मग ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. मुलगी बॅग छातीशी धरून तिथंच उभी होती. पाचला दहा मिनिटं कमी होती. वडिलांनी काचेतून मागे बघितलं, कुणी राहिलं नाही अशी खात्री करून घेतली आणि दारावर दोनदा टकटक केली.