चार नंबरची थंडी

आमच्या मासळीच्या गोदामात चार नंबरच्या खोलीचा थर्मामीटर मेला, आणि वर साहेबांच्या स्क्रीनवर शून्य दिसायला लागलं. मासळीला शून्यच लागतं, म्हणून साहेब खूश. यंत्र बसवणारी बाई मला सांगून गेली होती, "काका, खालून आकडा आला नाही, तर वरचा कॉम्प्युटर अडून बसू नये म्हणून शून्य धरतो." इकडं दाराशी मांजरं जमायला लागली. मी वर जाऊन म्हटलं, "साहेब, खोली तापलीय, मिस्त्री बोलवा. थर्मामीटर गप्प बसलाय, त्याला तुम्ही होकार समजताय. मासळी नासली तर नोकरी माझी जाईल."

"शून्य दिसतंय ना काका? मग मिस्त्री कशाला?"

शेवटी मीच बंद पडलेल्या सहा नंबरातला थर्मामीटर काढून चारला जोडला. स्क्रीनवर एकोणीस आलं. साहेब धावत खाली आले. "अहो, काय करून ठेवलंत हे! महिनाभर शून्य होतं, तुम्ही हात लावला आणि एकोणीस झालं! काढा ते आधी!"

मी वायर उपटली. साहेबांनी मोबाइलवर आकडा बघितला आणि नाकावरचा रुमाल न काढताच म्हणाले, "बघा, झाली ना गार?"