पुन्हा ये

आई मेडिकल कॉलेजात पेशंटच्या बायकोची भूमिका करायची. वाईट बातमी कशी सांगावी, याचा सराव विद्यार्थी तिच्यासमोर करत. कुणी उभ्यानेच सांगितलं, कुणी मध्येच घड्याळाकडे पाहिलं, की ती डोळे पुसून म्हणायची, "चुकलं. बाहेर जा आणि पुन्हा ये." तो पुन्हा दार वाजवेपर्यंत तिचा माणूस जिवंत असायचा.

संध्याकाळी बाबा विचारायचे, "काय गं, आज किती वेळा गेलो मी?"

"गेलात पुष्कळदा. पण नीट सांगितलं एकानेही नाही."

काल आयसीयूशेजारच्या खोलीत मी एकटीच बसले होते. तिच्याच हाताखाली शिकलेला डॉक्टर दार वाजवून आत आला. त्याने मोबाइल बंद केला, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. माझ्याकडे बघत, आडवळण न घेता म्हणाला, "ताई, तुमच्या आई गेल्या." मग गप्प राहिला. उठायची घाई केली नाही.

मी त्याच्याकडे बघत राहिले. एखादी एवढीशी चूक जरी सापडली असती, तरी त्याला बाहेर पाठवता आलं असतं.