शिंगाळ्याचा काटा

चांगुणाचा कोयता तीन आठवडे म्यानातून निघाला नव्हता. तपासणी केंद्राच्या यंत्राने तिच्या प्लेटलेट्स फक्त अठरा हजार मोजल्या होत्या. कापलं तर हिचं रक्त थांबायचं नाही, म्हणून त्या दिवसापासून धार असलेली प्रत्येक वस्तू तिच्या हातात आली की आपोआप मिटायची. मासळी कापून मिळेना, तसं गिऱ्हाईक शेजारणीकडे वळलं.

शेवटी ती निवृत्त लॅबवाल्या पेडणेकरांकडे गेली.

"रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं, त्यात काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात," ते म्हणाले. "यंत्र अख्ख्या गठ्ठ्याला एकच धरतं. ताजा थेंब काचेवर बघितला, की खरं काय ते कळेल."

त्यांनी तिच्या बोटावर सुई टेकवली. सुई लगेच आपल्या टोपणात ओढली गेली.

"हिलाही तुझा आकडा ठाऊक आहे," ते ओशाळून म्हणाले.

"भाऊ, माशाला तर कुनी सांगितलं नाय ना?"

चांगुणाने टोपलीतला शिंगाळा उचलला आणि त्याचा काटा बोटात खुपसला. पेडणेकरांनी घाईघाईने थेंब काचेवर घेतला आणि ते कापूस शोधायला लागले. तीन कपाटं उघडून ते कापूस घेऊन वळले, तोवर तिचं बोट कोरडं झालं होतं.