नावावरचा दाणा

हजाराव्या नावाशी आला, की हर्षदाचा प्रोग्राम कोसळायचा. भावकीचा मेळावा उद्यावर आला होता आणि सगळ्या घराण्याची वंशावळ स्क्रीनवर दाखवायचा शब्द तिनं काकांना दिला होता.

बाहेर सोप्यात बाळाप्पा हेळवी तीच वंशावळ आपल्या जुन्या वहीतून काकांना वाचून दाखवत होते. गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणं आणि वाचून दाखवणं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराचं कामच. चार भाऊ आले, की धाकट्या तिघांच्या नावांवर ज्वारीचा एकेक दाणा ठेवून ते थोरल्याचा वंश वाचायचे. तो संपला, की एक दाणा उचलून पुढच्या भावाकडे वळायचे.

"कुणाचा वंश वाचायचा राहिलाय, एवढं सगळं डोक्यात कसं राहतं, मामा?" हर्षदानं त्यांना विचारलं.

"डोक्यात कशाला ठेवू, लेकी? वाचलेलं नाव सोडून द्यायचं. राहिलेल्याची आठवण दाणा ठेवतोय की."

हर्षदा चमकली. तिचा प्रोग्राम एक नाव अर्धवट ठेवून पुढच्यात शिरायचा, तेही अर्धवट ठेवून त्याच्या पुढच्यात. त्या अर्धवट नावांच्या ओझ्याखालीच तो मोडत होता. तिनं राहिलेल्या नावांची वेगळी यादी केली आणि एका वेळी एकच नाव हाती घ्यायला त्याला शिकवलं. तीन हजार नावं सरसर उतरली.

काकांनी रिवाजाप्रमाणे सूपभर ज्वारी बाळाप्पांच्या झोळीत घातली. हर्षदाला ती पुरेशी वाटेना.

"मामा, तुमची वंशावळ कोण वाचतं?"

"आमची?" ते हसले. "आमची कुणी लिहिलीच न्हाई."

तिनं कोरी फाईल उघडली.

"तुमच्या वडिलांचं नाव सांगा."