गटाराकडची गौर

तोंडात पाण्याची गुळणी धरून येसूकाकू नव्या बंगल्याच्या फाटकाशी उभी होती. गौर घरी पोचेपर्यंत आणणारीने बोलायचं नसतं, नाहीतर तिने बंगलेवालीला तिथेच सोलून काढलं असतं. बंगला उठला त्या सड्यावरच्या, कातळमाळावरच्या ओल्या गवतात दर भादव्यात तेरडा फुलायचा. तोच तर गौर म्हणून घरोघरी जायचा. यंदा या बाईने तणनाशक मारून तिथे लॉन केलं होतं.

सोबतच्या जावेने तेरडा मागितला.

"ते गुलाबी तण? गटाराकडेला एखादं झुडूप उरलं असेल. न्या उपटून, तेवढाच कचरा कमी," बाई म्हणाली.

काकूने झुडूप मुळासकट काढलं. गुळणी सांभाळत शिव्या गिळल्या.

दुसऱ्या दिवशी बाई भरजरी नेसून हळदीकुंकवाला आली. काकूने नाक मुरडतच कुंकू लावलं. मुखवटा लावलेली, साडी नेसलेली गौर पाहून बाईने डोकं टेकवलं. "काकू, किती प्रसन्न! नवसाला पावते का हो?"

आता काकूचं तोंड मोकळं होतं.

"न पावायला काय झालं? तुमच्याच गटाराकडची आहे," ती म्हणाली. "तुमच्या औषधाला पुरून उरलीय."